कॉस्टिंगचा वर्ग बंद करू नका : आमच्या कॉलेजच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. चेअरमन, सर्व संचालक आणि प्राचार्य,
तसेच वाणिज्य अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या सूचना फलकावर नुकतीच एक नोटीस लागली आहे. येत्या शैक्षणिक वर्षापासून तृतीय वर्ष बी.कॉम.चा ‘परिव्यय व व्यवस्थापकीय लेखांकन’ (म्हणजे कॉस्टिंग, वस्तूचा खर्च काढण्याचं शास्त्र) हा विशेष विषय पुरेशा विद्यार्थिसंख्येअभावी बंद करण्यात येत असून संबंधितांनी उपलब्ध विषयांतून दुसरा विषय निवडावा, एवढाच मजकूर. खाली सही, शिक्का. माझा चुलतभाऊ आपल्याकडे दुसऱ्या वर्षाला आहे. कॉस्टिंगच घ्यायचं, हे त्याचं बारावीपासून ठरलेलं होतं. त्याने नोटीसचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, आता बँकिंग घेऊ का मार्केटिंग?” मला त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

ऑफिसात रीतसर अर्ज दिलेला आहे, त्याची पोचही घेतली आहे. तरी उघड लिहिते, कारण हा निर्णय पालकांना, माजी विद्यार्थ्यांना, गावातल्या कारखानदारांना कुणालाच न विचारता झाला. त्यांनाही तो कळला पाहिजे. कॉलेजचं नाव मात्र घेत नाही. एका कॉलेजला नावं ठेवून हा प्रश्न सुटायचा नाही. रावेर-यावलपासून साक्री-शहाद्यापर्यंत, तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकलेल्या कुणालाही यात आपलं कॉलेज दिसू शकेल.

मी आपल्याच कॉलेजची विद्यार्थिनी. चोपडा तालुक्यातून एसटीच्या पासावर येत होते. कॉस्टिंग घेऊन बी.कॉम. झाले, पुढे सीएमए म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेतलं इंटरमिजिएट केलं, फायनलचा एक ग्रुप बाकी आहे. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचे कॉस्ट अकाउंट्स पाहते. आज माझं पोट ज्या विषयावर चालतं, तो मला आपल्याच वर्गात मिळाला. हे ऋण मानूनच पुढचं सगळं लिहिते आहे.

आपल्या भागात या विषयाला काय किंमत आहे, ते आधी सांगते. नोटीस काढताना हीच गोष्ट कुणी विचारात घेतली नाही, असं मला वाटतं.

आमच्या घरी तापीकाठाला केळी आहे. मृगबाग लावली की वडील एका लांबट वहीत खर्च टिपायला लागतात. रोपं, शेणखत, ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, विद्राव्य खतं, घडावर घालायच्या पिशव्या, निंदणी, कापणी. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरी सतराशेच्या वर झाडं बसतात, त्यामुळे झाडामागे दोन रुपये इकडचे तिकडे झाले तरी बेरीज हलते. ट्रकचे पैसे आले की वहीच्या शेवटच्या पानावर वजाबाकी. मुख्य पिकाला बहुतेक वेळा तोटा, खोडव्याला, म्हणजे त्याच बुंध्याच्या फुटव्यावर येणाऱ्या पुढच्या पिकाला, फायदा. म्हणून वडिलांचं पक्कं मत होतं की पैसा देतो तो खोडवा, मुख्य बाग नुसती पोसायची. “बाग पोसीसन हातमा काय ऱ्हायनं?” हा त्यांचा दरसालचा प्रश्न.

कॉस्टिंग शिकवणाऱ्या सरांनी मला ती वही वर्गात आणायला सांगितली. त्यांनी फळ्यावर रकाने आखले आणि एकेक रक्कम विचारायला सुरुवात केली. रोपं, नांगरट, शेणखत हा खर्च मुख्य पिकाचाही आहे आणि खोडव्याचाही, मग सगळा मुख्य पिकाच्या नावावर का? ठिबकचा संच काही वर्षं चालणार, तर पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी का धरली? वाऱ्याने आडवी झालेली झाडं कुठे दाखवली? दरवर्षी थोडीफार झाडं जातातच, तो नॉर्मल लॉस, तो उरलेल्या मालाच्या खर्चात मिसळतो. पण वादळात अर्धी बाग झोपली किंवा सीएमव्ही हा विषाणूरोग आला म्हणून झाडं उपटावी लागली, तर तो ॲबनॉर्मल लॉस, तो वेगळा काढायचा. नाहीतर एका वाईट वर्षामुळे केळी परवडतच नाही असं वाटायला लागतं. शेवटी सरांनी विचारलं, निंदणीची मजुरी इथे एवढी कमी कशी? मी म्हटलं, सर, ती आई आणि काकू करतात. ते म्हणाले, मग त्यांची मजुरी लिही.

त्या तासाला आम्हाला कळलं की केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग, जो १९६५ साली कृषी मूल्य आयोग म्हणून सुरू झाला, तो हेच काम करतो. प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए-२ अधिक एफएल. त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणताना सरकार ए-२ अधिक एफएल धरतं, शेतकरी संघटना सी-२ धरा म्हणतात. रस्त्यावर येणारा एवढा मोठा वाद, आणि तो आहे कॉस्टिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातला. केळीला तर हमीभावच नाही. कापसाला निदान सरकारचा एक आकडा असतो. केळीवाल्याने आपला खर्च आपणच काढला नाही, तर बागेत उभं राहून भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्यासमोर त्याच्याकडे काय असतं?

वहीतला हिशेब नव्याने मांडला तेव्हा मुख्य पिकाचा तोटा बराच कमी निघाला आणि खोडव्याचा फायदाही तेवढाच खाली आला. आई-काकूची मजुरी धरल्यावर दोन्ही मिळून फारसं काही उरत नव्हतं. वडिलांना ते पटायला वेळ लागला. पण आता त्या वहीत आईच्या नावाचा रकाना आहे, आणि बाग किती वर्षं ठेवायची हे ते अंदाजाने ठरवत नाहीत.

मिलचंही तेच. शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, बाकी चुनी (डाळीचा बारीक चुरा), टरफल आणि घट. चुनीचे पैसे डाळीच्या खर्चातून वजा करायचे की वेगळं उत्पन्न दाखवायचं, यावर डाळीचा किलोचा आकडा बदलतो. जिनिंगवाल्याकडे शंभर किलो कापसातून तेहतीस-पस्तीस किलो रुई आणि उरलेली बहुतेक सरकी. पुढे त्याच सरकीचं तेल आणि ढेप. कापूस एकदाच विकत घेतला, माल निघाला चार प्रकारचा. कोणत्या मालावर किती खर्च टाकायचा, हा पुस्तकातला संयुक्त उत्पादनाचा प्रश्न आपल्याकडे कपाशीच्या प्रत्येक तालुक्यात रोज सोडवला जातो, बहुतेक ठिकाणी अंदाजाने.

आणखी एक उदाहरण देते, कारण ते आपल्या निर्णयाशी थेट जोडलेलं आहे. हंगाम सरला की मिलची यंत्रं थांबतात. अशा वेळी एखादा व्यापारी स्वतःची तूर घेऊन येतो आणि फक्त भरडून मागतो. समजा, आमचा क्विंटलमागे एकूण खर्च ३०० रुपये आहे. त्यातले १८० वीज, हमाली, तेल-पाणी यांचे, म्हणजे माल भरडला तरच लागणारे. उरलेले १२० पगार, भाडं, व्याज यांचे, म्हणजे मिल बंद ठेवली तरी लागणारे. व्यापारी २५० द्यायला तयार आहे. मालक म्हणतो, क्विंटलमागे ५० रुपये तोटा, परत पाठवा. पण त्या दिवसांत १२० तर जाणारच आहेत. २५० मधून १८० गेले की ७० रुपये हातात राहतात, ते त्या १२० मधला मोठा वाटा उचलतात. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाबरोबर हे ७० रुपयेही परत जातात. असा माल दारातून परत जाताना मी पाहिला आहे आणि पुढच्या हंगामात, हिशेब दाखवल्यावर, घेतलेलाही पाहिला आहे.

आता याच रीतीने आपल्या वर्गाचा हिशेब मांडू या. संख्या कमी म्हणून वर्ग परवडत नाही, असं आपलं म्हणणं. खोली तीच राहणार. बाकं, वीज, शिपाई, ग्रंथालय, कार्यालय, यातला एक रुपयाही कॉस्टिंग बंद केल्याने वाचत नाही, तो खर्च बाकीच्या वर्गांवर वाटला जाईल एवढंच. खरोखर वाचणार ते एका शिक्षकाच्या तासिकांचं मानधन. आणि जाणार काय? या विषयासाठी येणाऱ्या मुलांची फी, सीएमएकडे वळणारी मुलं, आणि मिल, जिनिंग, तेल कारखाने, दूध संघ इथे सांगता येणारी कॉलेजची ओळख. हा हिशेब संचालक मंडळाच्या बैठकीत मांडला गेला होता का? गेला असेल तर तो जाहीर करावा.

आता माझ्या तक्रारी.

संख्या कमी झाली, हे खरं आहे. पण ती कशी कमी झाली? आमच्या सरांनी कॉलेज सोडल्यापासून या विषयाला पूर्णवेळ शिक्षक मिळालेला नाही. दरवर्षी तासिका तत्त्वावर नेमणूक, तीही सत्र अर्धं सरल्यावर. तोवर वर्ग रिकामा. जे सर किंवा मॅडम येतात त्यांचा काही दोष नाही, उलट तासाप्रमाणे मिळणाऱ्या आणि महिनोन्‌महिने थकणाऱ्या मानधनावर ते धुळ्याहून, भुसावळहून ये-जा करतात आणि चांगली नोकरी मिळाली की जातात. कुणीही जाईल. मग उरलेलं प्रोसेस कॉस्टिंग (टप्प्याटप्प्याने खर्च काढणं) आणि स्टँडर्ड कॉस्टिंग (ठरवलेल्या खर्चाशी प्रत्यक्ष खर्च ताडणं) गाइडमधून पाठ करायचं. प्रोसेस कॉस्टिंग पाठ करून येत नाही. पेपरात आकडे बदलले की मूल अडतं, नापास होतं, आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावाला सांगतं, घेऊ नको.

प्रवेशाच्या वेळी टेबलावरूनही हेच सांगितलं जातं. “कॉस्टिंग अवघड आहे, टक्केवारी खाली येईल, दुसरं घे.” माझ्या भावाला हे शब्दशः सांगण्यात आलं. ज्या कॉलेजने स्वतः विषयाकडून मुलं परत फिरवली, त्याच कॉलेजने संख्या मोजून तो विषय बंद करावा, हे मला अन्यायाचं वाटतं. पाणी तोडून झाड वाळलं म्हणून कापायचं, तसं हे झालं.

अभ्यास मंडळाच्या सदस्यांना माझं सांगणं वेगळं आहे. विषयाचा गाभा उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. कॉस्ट शीट, ओव्हरहेडची (वरकड खर्चाची) वाटणी, मार्जिनल कॉस्टिंग (वर भरडाईच्या उदाहरणात वापरली ती रीत), बजेट, व्हेरिअन्स (ठरलेल्या आणि प्रत्यक्ष खर्चातला फरक), यातलं काहीही काढू नका. पण उदाहरणं बघा. वर्षानुवर्षं तीच ‘एक्स वाय झेड लिमिटेड’, तीच ‘प्रक्रिया अ, ब, क’. त्या प्रक्रियेत काय टाकतात आणि काय निघतं, हे मुलांना कधी दिसत नाही. आपल्याकडे डाळ आहे, जिनिंग आहे, सरकीचं तेल आहे, प्लॅस्टिकची चटई आणि पाइप आहेत, नंदुरबारची मिरची आहे. मिरची वाळताना वजन किती घटतं आणि ती घट खर्चात कशी बसते, यावर एक गणित घाला, अक्कलकुव्याचा मुलगाही तोंडाने सोडवेल. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. खान्देशात उद्योग नाहीत म्हणून पुस्तकी उदाहरणं द्यावी लागतात, असं म्हणायला जागा नाही.

दुसरं, सगळा विषय आजही आखीव कागदावर पेनने शिकवला जातो. कागदावर हात बसायला हवाच. पण मी मिलमध्ये लागले तेव्हा पहिल्या दिवशी एक्सेलची फाइल समोर आली आणि साधं कॉस्ट शीट तिथे कसं उभं करायचं ते मला माहीत नव्हतं. कॉलेजात कॉम्प्युटर लॅब आहे, वाणिज्यच्या मुलांना ती क्वचित उघडी मिळते.

प्रश्नपत्रिकेचं एक सांगते. एका परीक्षेत मराठी मजकुरात प्रत्यक्ष मजुरी ४८,००० छापली होती आणि इंग्रजीत ८४,०००. मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांचं उत्तर एक, इंग्रजीतून लिहिणाऱ्यांचं दुसरं. पर्यवेक्षकांनी सांगितलं, कोणताही एक आकडा धरा. कॉस्टिंगच्या पेपरात मजुरीचा आकडा कोणताही धरून चालत नाही. त्यावर ओव्हरहेड बसतो, त्यावर विक्री किंमत बसते. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली गेली की नाही, हे विचारूनही कधी कळलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला (ओजेटी, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकणं) क्रेडिट आहेत. या विषयासाठी याहून चांगली संधी नव्हती. पण मुलं ओळखीच्या दुकानातून किंवा टॅक्सवाल्याकडून शिक्का मारून आणतात, वही भरतात, क्रेडिट पडतात. कुणाला दोष देऊ? कोणत्या कारखान्याशी बोलणं करून ठेवलेलं नसेल तर मुलांनी जायचं कुठे?

आणि सगळ्यात जास्त मनाला लागतं ते हे. ज्यांची ऐपत आहे ती मुलं पुण्याला, नाशिकला जातील, तिथे हा विषय मिळेलच. जाणार नाहीत त्या मुली, ज्यांना सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने घरी पोचायचं असतं. जाणार नाहीत धडगाव, तळोदा, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवरून वसतिगृहात राहिलेली मुलं. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी कुणाच्याही घरच्यांनी बाहेरगावी ठेवून हा विषय शिकवला नसता, माझ्याही नाही. तालुक्याच्या गावचं कॉलेज कशासाठी काढलं होतं, हे आपल्याला मी सांगायला नको, संस्थेच्या स्थापनेच्या वेळी धान्य आणि वर्गणी गोळा करत फिरलेली माणसं आपल्याच घरातली आहेत.

या विषयाला पुढे वाट नाही, असंही एका संचालकांनी बोलून दाखवल्याचं कानावर आलं. तसं नाही. कॉस्ट अकाउंटंटच्या व्यवसायाला १९५९ च्या कायद्याने मान्यता आहे. पदवीधराला सीएमएची फाउंडेशन द्यावी लागत नाही, थेट इंटरमिजिएटला बसता येतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ आणि त्याखालच्या २०१४ च्या नियमांनुसार साखर, खाद्यतेल, वस्त्रोद्योग, प्लॅस्टिक अशा नेमून दिलेल्या क्षेत्रांतल्या ३५ कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना (सूक्ष्म आणि लघु उद्योग सोडून) कॉस्ट रेकॉर्ड ठेवावंच लागतं, त्याहून मोठ्या कंपन्यांना कॉस्ट ऑडिटही करून घ्यावं लागतं. ते रेकॉर्ड कुणीतरी रोज लिहितं. आमच्या मिलला गेल्या खेपेला माणूस हवा होता. जाहिरात दिली तर डेबिट-क्रेडिट आणि टॅली येणारी मुलं भरपूर आली, पण प्रति क्विंटल खर्च काढून दाखव म्हटल्यावर बहुतेक थांबली. शेवटी मालकांनी इंदूरहून माणूस आणला. ती नोकरी आपल्या तालुक्यातल्या मुलाची होती.

सहकारात वाढलेल्या आपल्या भागाला हे जास्त कळायला हवं. साखर कारखाने आजारी पडले, सूतगिरण्या थांबल्या, त्याची कारणं पुष्कळ आहेत आणि ती सगळी हिशेबाची नाहीत, हे मला मान्य आहे. पण सभासदांच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, तेव्हा पोत्यामागे किंवा किलोमागे खर्च किती आला आणि मागच्या वर्षीपेक्षा का वाढला, असं उभं राहून विचारणारे सभासद किती असतात? तो प्रश्न विचारायला शिकवणारा वर्ग आपण बंद करायला निघालो आहोत.

माझ्या मागण्या अशा.

नोटीस मागे घ्यावी आणि येत्या वर्षी हा विषय सुरू ठेवावा. आज दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांनी तो मिळेल या भरवशावर प्रवेश घेतला आहे, त्यांना मध्येच विषय बदलायला लावू नये, संख्या कितीही असो.

वाणिज्य विभागातलं रिक्त पद भरण्याचा प्रस्ताव संस्थेने पाठवला आहे का, कधी पाठवला, त्याचं पुढे काय झालं, हे जाहीर करावं. पद भरेपर्यंत तासिका तत्त्वावरची नेमणूक सत्राच्या पहिल्या दिवशी झालेली असावी आणि मानधन दरमहा मिळावं.

प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्यांनी कोणत्याही विषयापासून मुलांना परावृत्त करू नये. विषय अवघड आहे हे सांगा, त्याचा उपयोगही सांगा.

अभ्यास मंडळाने पुढच्या फेरबदलात स्थानिक उद्योग आणि शेती यांवरची उदाहरणं घालावीत, अंतर्गत मूल्यमापनात एक्सेलवरचं काम धरावं आणि एक छोटा प्रकल्प ठेवावा: प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या पिकाचं, दुकानाचं किंवा गावातल्या एखाद्या गिरणीचं कॉस्ट शीट तयार करायचं. प्रश्नपत्रिकेतले मराठी आणि इंग्रजी आकडे छपाईआधी कुणीतरी जुळवून पाहावेत. एवढं झालं तरी पुष्कळ.

ओजेटीसाठी कॉलेजने किमान काही मिल, जिनिंग आणि तेल कारखान्यांशी लेखी बोलणी करावीत. यात मी स्वतः मदत करीन. आमच्या मिलच्या मालकांशी बोलले आहे. मुलांनी यावं, तूर उतरण्यापासून डाळीची गोणी शिवण्यापर्यंत सगळं पाहावं आणि हंगाम नसताना दोन मुलांनी आमच्याबरोबर हिशेबाला बसावं, याला त्यांची तयारी आहे. माझ्याबरोबर शिकलेले आणखी काही जण जळगाव आणि धुळ्याच्या कारखान्यांत आहेत, त्यांनीही होकार दिला आहे. शिक्षक मिळेपर्यंत रविवारी सकाळी मार्जिनल कॉस्टिंग आणि प्रोसेस कॉस्टिंगचे तास घ्यायला मी येईन, मानधन नको. पण हे तात्पुरतं असेल. माझ्यासारखीच्या रविवारच्या तासावर विद्यापीठाचा विषय चालू शकत नाही आणि चालवूही नये.

तृतीय वर्षाचे प्रवेश सुरू होण्याआधी संचालक मंडळाने आम्हा माजी विद्यार्थ्यांना, चालू विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकत्र भेटीची वेळ द्यावी. त्या बैठकीत वर्गाच्या खर्चाचा हिशेब समोर ठेवावा. मी वर मांडलेल्या हिशेबात काही सुटलं असेल तर तिथे दाखवून द्या. बैठकीचं उत्तर लेखी मिळावं, ही विनंती. तोवर माझ्या भावाने आणि त्याच्या मित्रांनी विषय बदलाचा फॉर्म भरलेला नाही.

आपली नम्र,
कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी
(चोपडा तालुका, सध्या जळगाव)